गाडगेबाबांचा खराटा कोणाच्या हातात?

माघ सरू लागला की आमच्या सुधागड तालुक्यात पानगळ सुरू होते. साग उघडा पडतो. सावर आणि पांगारा पाने टाकून फुलावर येतात. पालीच्या डोक्यावर उभा असलेला सरसगड खालून करडा दिसू लागतो. विहाराच्या अंगणात पिंपळ असेल तर सकाळी झाडून घ्यावे आणि दुपारी पुन्हा अंगणभर पाचोळा, असे महिनाभर चालते. कोकणातला शेतकरी या पाचोळ्याला पातेरा म्हणतो आणि त्याला कचरा समजत नाही. तो पातेरा गोळा करतो, शेण, गवत आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या यांच्याबरोबर शेताच्या एका तुकड्यावर पसरतो, वर माती टाकतो आणि पेटवतो. हा राब. त्या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडावर भाताचे बी पडते. अंगणात गळलेले पान असे भाताच्या रोपापर्यंत जाते.

याच दिवसांत २३ फेब्रुवारी येते. संत गाडगेबाबांची जयंती. कार्यालयाकार्यालयांतून परिपत्रके निघतात, नवे कोरे खराटे विकत आणले जातात, प्रतिमेला हार घातला जातो आणि साहेब लोक अंगणात उतरून फोटो काढून घेतात. आदल्या दिवशी झाडून स्वच्छ केलेल्या अंगणात मूठभर पाने पुन्हा पसरून मग ती झाडणारे साहेबही आम्ही पाहिले आहेत. फोटो झाला की खराटा पुन्हा ज्याच्या हातात रोज असतो त्याच्या हातात जातो. तो माणूस कोण, त्याचे आडनाव काय, तो कोणत्या वाडीतून येतो, हे परिपत्रकात नसते. आमच्या वाचकांना ते सांगायची गरज नाही.

म्हणून आम्हाला आज गाडगेबाबांचे चरित्र पुन्हा एकदा मांडावेसे वाटते. पाठ्यपुस्तकातले गाडगेबाबा सर्वांना ठाऊक आहेत. खराटा, गाडगे, चिंध्या, कीर्तन एवढ्यावर तो धडा संपतो. त्या माणसाने खराटा का उचलला आणि तो कोणाला दाखवण्यासाठी उचलला, हा प्रश्न धड्यात येत नाही.

बाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. आई सखुबाई. जात परीट. गावगाड्यातली ही बलुतेदार जात. दुसऱ्याच्या अंगावरचा मळ आपल्या हाताने काढायचा आणि त्याबदल्यात सुगीला खळ्यावर जाऊन बलुते मागायचे. म्हणजे सफाई ही देबूजीच्या वाट्याला जन्मानेच लिहून ठेवलेली होती. पुढे त्यांनी जी सफाई केली ती या लिहून ठेवलेल्या सफाईपेक्षा वेगळी होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

वडील झिंगराजी दारूत गेले. घरात होते नव्हते ते दारूने खाल्ले आणि शेवटी माणूसही खाल्ला. देवाच्या नावाने बकरे कापायचे आणि त्या निमित्ताने दारू प्यायची, ही त्या काळच्या बहुजन समाजाची रीत. नवस देवाचा, कर्ज सावकाराचे आणि उपास बायकापोरांचा. विधवा सखुबाई लहानग्या देबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. मुलगा मामाकडे वाढला. शाळा नाही. गुरे राखणे, शेण काढणे, पुढे नांगर धरणे. मोठा झाल्यावर देबूजी असा कसदार शेतकरी निघाला की मामाची जमीन त्याच्या हाताखाली भरभरून पिकू लागली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

आणि इथेच सावकार आला. मामा चंद्रभान निरक्षर. कागदावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते. कर्ज फिटले असे तो समजत होता आणि वही म्हणत होती की फिटलेले नाही. जमीन गेली. देबूजी सावकारापुढे उभा राहिला, दबला नाही, पण कागद सावकाराच्या बाजूने होता. आम्ही कोर्टात काम करणारे लोक. सात-बारा वाचता न आल्यामुळे आणि कोऱ्या कागदावर अंगठा दिल्यामुळे बुडालेली कुटुंबे आमच्यासमोर येऊन बसलेली आहेत. देबूजीच्या मनावर त्या दिवसांचा काय घाव झाला असेल हे आम्हाला पुस्तकातून समजावून घ्यावे लागत नाही. पुढे पन्नास वर्षे हा माणूस कीर्तनातून एकच गोष्ट सांगत राहिला की पोरांना शिकवा, त्यासाठी ताटवाटी विकावी लागली तरी विका, भाकरी हातावर घेऊन खा. या उपदेशाची मुळे सावकाराच्या वहीत आहेत.

कुंताबाईंशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली. बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण द्यायला हवे होते. देबूजीने गोडाचे साधे जेवण दिले. जातवाले रुसले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण जातपंचायतीचा धाक ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल की भर पंगतीत रिवाज मोडणे म्हणजे काय. रिवाज मोडायची सुरुवात त्यांनी स्वतःच्या अंगणात केली, गावात नंतर गेले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. वय अठ्ठावीस. अंगावर चिंध्या शिवलेले वस्त्र, हातात काठी आणि मातीचे फुटके गाडगे. ते गाडगेच पाणी प्यायचे भांडे, तेच भाकरीचे ताट आणि उन्हात तेच डोक्यावर. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. कोणी चिंधेबुवा म्हणाले, कोणी गोधडेबुवा. शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकले. हा वेष सहज झालेला नव्हता, असे आमचे मत आहे. ज्या समाजात माणसाची किंमत त्याच्या वस्त्रावरून आणि भांड्यावरून होते, जिथे अस्पृश्याला मातीचे भांडे आणि मेलेल्याचे कपडे वापरायला लावणारी स्मृती लिहिली गेली, तिथे एका सवर्ण समजल्या जाणाऱ्या बलुतेदाराने तोच वेष आपखुशीने अंगावर घेतला. गावात शिरताना लोकांनी आधी त्यांना हाकलले, कुत्री अंगावर आली. मग हळूहळू ओळख पटली.

ओळख पटण्याची रीत अशी. बाबा गावात येत. कोणाच्या ओट्यावर जाऊन बसत नसत. देवळात जात नसत. गावाच्या तोंडाशी जिथे घाण असेल तिथून खराटा चालवायला सुरुवात करीत. रस्ता, गटार, चावडीपुढचे पटांगण, पारावरचा पाचोळा. पार म्हणजे वडा-पिंपळाचा. पानगळीच्या दिवसांत पार झाडणे हे संपणारे काम नव्हे. गावातली प्रतिष्ठित मंडळी पारावर बसून पाहत असत. हा वेडा कोण आणि आपल्या पायाखालचे का झाडतो आहे, असा प्रश्न त्यांना पडे. कोणी भाकरी देऊ केली तर आधी काम होई, मग भाकरी. थोड्या वेळाने पोरे मदतीला येत, मग तरुण, मग एखादा पाटील लाजेकाजेस्तव उठे. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ आणि रात्री त्याच पटांगणात कीर्तन. सकाळी खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाने डोकी झाडायची, असा त्यांचा दिवस होता.

कीर्तनही रूढ कीर्तनकारासारखे नव्हते. पूर्वरंग, उत्तररंग, बुवाची बिदागी, आरतीचे ताट, पायावर डोके, यातले काहीच नाही. वऱ्हाडी बोलीत ते लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. देव पाहिला का, देव कुठे राहतो, बकरे खाणारा देव कसा, कर्ज काढून तीर्थाला कशाला जाता, शिवाशीव कोणी लावून दिली. वकिलाच्या उलटतपासणीची आठवण व्हावी अशी ही पद्धत. साक्षीदार स्वतःच्या तोंडाने कबूल करतो आणि मग त्याला माघार घेता येत नाही. पाया पडायला येणाऱ्याला ते काठी दाखवीत. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत होती. आजच्या बुवा-बापूंच्या बाजारात ही एक गोष्टही पुरेशी आहे.

आता आमच्या वाचकांच्या मनात येणाऱ्या शंकेकडे वळतो. ती शंका योग्य आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून गाडगेबाबांवर लिहिणे हा आमच्या माणसांवर अन्याय होईल.

झाडू आमच्या समाजाला नवा नाही. महाराने चावडी झाडायची, गावचे रस्ते झाडायचे, मेलेले ढोर ओढायचे आणि मांगाने केरसुण्या वळायच्या, हा गावगाड्याचा कायदा होता. इंग्रजी अमलात त्याला १८७४ च्या वतन कायद्याची मोहर लागली. पेशवाईच्या पुण्यात तर अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून चालावे, म्हणजे त्याच्या पावलांनी विटाळलेली धूळ मागच्या मागे झाडली जाईल, असा दंडक होता, हे बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या १९३६ च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. ज्याच्या पूर्वजांच्या कमरेला झाडू बांधला गेला, त्याच्यापुढे खराट्याचे गोडवे कसे गायचे?

आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. दिवस पानगळीचेच होते. चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले गेले ते सर्व जगाला ठाऊक झाले. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस टाका, उष्टे मागणे टाका, गावकीच्या हलक्या कामांतून बाहेर पडा, हेही बजावले. त्या उन्हाळ्यात कोकणातल्या महारवाड्यांनी त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. लगेच १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. ते त्या वेळी मंजूर झाले नाही. वतन अखेर गेले ते १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्राम वतन निर्मूलन कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

दुसऱ्या बाजूला गांधीजी होते. भंगीकाम ही थोर सेवा आहे, समाजाची आई जे करते तेच भंगी करतो, असा त्यांचा सूर. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या विचाराची चिरफाड केली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या एका कामाला जुंपले आहे त्याच्यापुढे त्या कामाचा महिमा गाणे म्हणजे त्याच्या बेडीला सोन्याचा मुलामा देणे. हा वाद संपलेला नाही. आजही सफाई कामगाराला हार घालून, नारळ देऊन, त्याच्या पायाचे तीर्थ घेऊन घरी पाठवले जाते आणि त्याचा पगार मात्र कंत्राटदाराकडे अडकलेला असतो.

मग गाडगेबाबा कोणत्या बाजूला? आमचे स्पष्ट मत असे की त्यांचा खराटा गांधीजींच्या झाडूच्या जातीचा नव्हता. बाबांनी कोणत्याही महाराला, मांगाला, भंग्याला असे सांगितले नाही की बाबा रे, तुझे काम पवित्र आहे, ते करीत राहा. त्याला त्यांनी सांगितले ते पोर शाळेत घालायला, दारू सोडायला आणि सावकाराच्या दारात न जायला. खराटा त्यांनी ठेवला तो पाटलाच्या, सावकाराच्या आणि देशमुखाच्या नजरेसमोर. अंगण तुमचे, पाने तुमच्या झाडाची, मग झाडायला दुसरा कोण आणि का, हा प्रश्न त्या खराट्यात होता. जे काम जातीने करून घेतले जात होते ते त्या जातीबाहेरच्या माणसाने उघड्यावर, दिवसाढवळ्या, मजुरी न घेता केले. त्यामुळे ते काम जातीचे आहे ही समजूतच लटकी ठरली. चावडीपुढे झाडणाऱ्या महाराकडे पाहून कोणाला लाज वाटली नव्हती. बाबांकडे पाहून वाटली. या फरकात जातिव्यवस्थेचे सगळे मर्म आले.

तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. खराटा टाकून देण्याचे स्वातंत्र्य बाबांना होते. ते कोणत्याही दिवशी दापुऱ्याला परत जाऊन शेती करू शकत होते. आमच्या आजोबांना ते स्वातंत्र्य नव्हते. म्हणून दोन्ही खराटे एका फोटोत बसवू नयेत. बाबांनी स्वतः ते कधी बसवले नाहीत. बसवले ते त्यांच्या नावाने परिपत्रक काढणाऱ्यांनी.

बाबांचे बांधकामही पाहावे. लाखो रुपये त्यांच्या नावाने जमा झाले. त्यांनी त्यातून देवळांची रांग लावली नाही. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट बांधला, कारण यात्रेकरू चिखलात पडत होते. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर इथे धर्मशाळा बांधल्या, कारण गरीब माणूस यात्रेत उघड्यावर झोपत होता. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात धर्मशाळा उभारली, कारण खेड्यातून आलेल्या रोग्याच्या नातेवाइकाला फुटपाथशिवाय जागा नव्हती. अंध, अपंग आणि कुष्ठरोग्यांसाठी अन्नछत्रे घातली. पंढरपूरला ते वर्षानुवर्षे गेले, पण विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत त्यांचे मन नव्हते. ते चंद्रभागेचे वाळवंट झाडीत आणि गरिबांच्या पंगती वाढीत.

त्याच पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्याला मुक्कामाला जागा मिळत नव्हती. चोखामेळ्याची समाधी पायरीशी आणि चोखामेळ्याच्या वंशजांचा मुक्कामही बाहेरच. देऊळ त्यांना उघडे झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. त्याच्या कितीतरी आधी गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. आमच्यातले काही कार्यकर्ते विचारतात की मराठा धर्मशाळा वेगळी, चोखामेळा धर्मशाळा वेगळी, ही जातवार वाटणी बाबांनी का मान्य केली? प्रश्न बरोबर आहे. आम्हालाही ती वाटणी खटकते. त्या काळच्या पंढरपुरात एकत्र मुक्काम होऊ दिला गेला नसता, हे एक उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही. बाबा व्यवस्थेला आतून पोखरणारे होते. बाबासाहेबांसारखे तिला कायद्याने आणि धम्माने समोरासमोर आव्हान देणारे नव्हते. ते मोठेपण बाबांच्या माथी चिकटवण्याची गरज नाही.

पण याच धर्मशाळेचे पुढे काय झाले ते पाहा. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. गाडगेबाबांनी पंढरपूरची ती इमारत या सोसायटीच्या स्वाधीन केली आणि तिथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले. यात्रेकरूंच्या निवाऱ्याची जागा शिकणाऱ्या पोरांची झाली. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसाने, ज्याच्या मामाची जमीन एका कागदाने गिळली, त्याने तीर्थक्षेत्रातली वास्तू उचलून आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिली. बाबासाहेब आणि बाबा यांच्या भेटींच्या अनेक हृद्य कथा आपल्या सभांतून सांगितल्या जातात, त्यांत दरवर्षी थोडी भर पडते आणि तारखाही बदलतात. वकील म्हणून आम्हाला कथेपेक्षा हे हस्तांतरण महत्त्वाचे वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराडला महाविद्यालय काढले, त्याला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. कधी शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयाला!

या सगळ्याची किंमत कोणी मोजली, हेही लिहिले पाहिजे. चरित्रकार बाबांच्या वैराग्यावर पाने भरतात. कुंताबाईंवर दोन ओळी लिहितात. घरचा कर्ता पुरुष १९०५ मध्ये निघून गेला आणि मागे सासू, पोरे आणि शेतीचे कष्ट राहिले. पुढे लाखोंच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांत स्वतःच्या कुटुंबाला आयते बसून खाऊ घालायचे नाही, हा बाबांचा नियम कडक होता. सार्वजनिक पैशाला हात न लावणारा असा नेता आज शोधून सापडणार नाही, हे खरे. त्याचबरोबर त्या नियमाचा भार कुंताबाईंनी सोसला, हेही खरे. रमाईंचे स्मरण करणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी बाबांना कीर्तनात असताना मिळाली. ते कीर्तन कोकणात होते, असे सांगतात. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. लोक यात स्थितप्रज्ञता पाहतात. आम्हाला त्या वेळी घरी एकट्या असलेल्या आईची आठवण येते.

१९५२ मध्ये गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि संस्थांचा कारभार विश्वस्तांकडे गेला. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेले बाबांचे चरित्र प्रसिद्ध झाले. बाबा फिरतच राहिले. शरीर मधुमेहाने थकले होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी जरूर ऐकावे. थकलेला आवाज, पण प्रश्न तसेच, आणि समोरचे पोलीस शाळेतल्या मुलांसारखे एका सुरात उत्तर देतात.

त्याच्या काही आठवडे आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी प्राण सोडला. एका पंधरवड्यात महाराष्ट्राने दोघांना गमावले. गाडगेबाबा बौद्ध नव्हते आणि त्यांना मरणोत्तर बौद्ध करण्याचा आमचा आग्रह नाही. पण थेरगाथेतल्या सुनीत थेरांची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. सुकलेली फुले गोळा करून फेकणारा हा सफाईवाला. भगवंतांनी त्याला संघात घेतले आणि पुढे मोठमोठ्यांनी त्याला वंदन केले. बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात सुनीताची कथा आवर्जून घेतली. संघात गेल्यावर विहाराचे अंगण झाडणे हे सर्वच भिक्खूंचे काम, मग तो पूर्वी राजपुत्र असो की सफाईवाला. (आमच्या गावाचे आणि त्या भाषेचे नाव एकच, पण गावातल्या किती जणांना सुनीत ठाऊक आहे हा प्रश्न वेगळा.)

गाडगेबाबांच्या नावाने राज्य सरकारने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. अभियानात अनेक गावे खरोखर स्वच्छ झाली, संडास बांधले गेले, लोकवर्गणी झाली, हे आम्ही नाकारत नाही. पण सरकारने बाबांचा खराटा घेतला आणि त्यांचे प्रश्न मागे ठेवले. बक्षीस मिळवणाऱ्या गावात झाडलोट कोण करतो, त्याला किती वेतन मिळते, त्याची पोरे कोणत्या शाळेत जातात, याला गुणांकनात किती गुण होते? गाव स्वच्छ दिसला की झाले. गोळा केलेला पाचोळा रस्त्याच्या कडेला पेटवून दिला की झाले. तो धूर झाडणाऱ्याच्याच छातीत जातो आणि जो पातेरा राबात किंवा खतात जायचा तो फुकट राख होतो.

कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने कलम ७-अ आले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही झाडलोट करायला, घाण काढायला, मेलेले जनावर ओढायला भाग पाडणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. झाडलोट हा शब्द कायद्यात आहे, हे आमच्या अनेक कार्यकर्त्यांनाही माहीत नसते. संविधानाचे कलम २३ वेठबिगारीला बंदी करते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने मेलेली जनावरे ओढायला लावणे आणि हाताने मैला काढायला लावणे यांचा स्वतंत्र उल्लेख झाला. जत्रा असो, लग्न असो की ग्रामसभा, अंगण झाडायला अमुक वाडीतलाच माणूस बोलवा, असा निरोप येतो तेव्हा तो निरोप देणारा गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभा असतो. अडचण एवढीच की तो निरोप तोंडी असतो. तो लेखी मिळवणे, साक्षीदार टिकवणे, हे आपल्या तरुणांचे काम आहे.

येत्या २३ फेब्रुवारीला तालुक्यातील विहारांची अंगणे सकाळी सात वाजता झाडायची, असे ठरले आहे. पाळ्या लावल्या आहेत आणि पहिली पाळी पुरुषांची आहे. विहाराचे अंगण झाडणे हे आपल्यातही बायकांचेच काम होऊन बसले आहे, म्हणून ही सूचना. पाचोळा कोणीही पेटवू नये. राबासाठी ज्यांना हवा असेल त्यांनी पोती घेऊन यावे, उरलेला खताच्या खड्ड्यात जाईल. त्यानंतर दहा वाजल्यापासून आम्ही विहारातच बसणार आहोत. ग्रामपंचायत, नगरपंचायत किंवा कंत्राटदाराकडे सफाईचे काम करणाऱ्या बंधू-भगिनींनी आपले हजेरीचे आणि पगाराचे जे काही कागद असतील ते बरोबर आणावेत. ज्यांच्याकडे कागद नसतील त्यांचे माहिती अधिकाराचे अर्ज तिथेच भरून दिले जातील.